परसांतली धामण

आमच्या अहेरीच्या घरामागें एक लहानसें परस आहे. त्यांत चार पपईचीं झाडें, एक शेवगा, दोडक्याचा मांडव, एका कोपऱ्यांत सरपणाचा ढीग आणि दुसऱ्या कोपऱ्यांत गाईसाठीं रचलेली तणसाची गंजी आहे. गेल्या आषाढांत चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलें, त्या सकाळीं माझी धाकटी मुलगी दोडके तोडावयास गेली आणि लागलीच धांवत परत आली. "बाबा, गंजीजवळ मोठा साप आहे!" एवढेंच तिच्या तोंडून निघालें.

मीं मागील दारांतून पाहिलें. माणसाच्या उंचीहून लांब, पिवळसर तपकिरी अंगाचा एक साप गंजीच्या कडेला उन्हांत पसरला होता. मुलीच्या हांकेसरशी शेजारीपाजारी जमले. कोणाच्या हातांत काठी, कोणाच्या हातांत कुऱ्हाडीचा दांडा. शेजारचे वृद्ध काका म्हणाले, "मास्तर, बघत काय उभे राहिलात? साप तो साप. त्याला जात कसली विचारतां?"

हेंच वाक्य मीं चार वर्षांपूर्वीं ऐकलें होतें, आणि त्या वेळीं तें मला पटलेंहि होतें. त्या सालीं ह्याच गंजीपाशीं असाच एक साप निघाला आणि आम्हीं तो मारिला. मागाहून नीट पाहिलें तेव्हां ती धामण होती, आणि तिच्या फुगलेल्या पोटांत दोन उंदीर होते. त्या हिवाळ्यांत कणगींतील धान उंदरांनीं फार नासलें. बियाण्यासाठीं राखून ठेवलेलें पोतेंहि कुरतडलें गेलें. एका धामणीच्या मरणानेंच हें सारें झालें असें मी म्हणत नाहीं. उंदीर वाढावयास कारणें पुष्कळ असतात. परंतु जी आमचें काम फुकट करीत होती तिलाच आम्हीं मारिलें, ही रुखरुख मनांतून गेली नाहीं. म्हणून ह्या खेपेस मीं काठ्या खालीं ठेवावयास सांगितल्या, मुलांना ओट्यावर बसविलें आणि सर्वांनीं दुरूनच पाहावें असें ठरविलें. विद्यार्थी मित्रहो, त्या अर्ध्या घटकेंत जें पाहिलें आणि त्यानंतर जें वाचून व विचारून कळलें, तें तुम्हांस व तुमच्या आईबापांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम काकांच्या वाक्याचाच विचार करूं. सापाला जात असते, आणि ती विचारावीच लागते. हिंदुस्थानांत सापांच्या सुमारें तीनशें जाती आहेत. त्यांपैकीं बहुतेक बिनविषारी किंवा माणसास अपाय न होण्याइतक्या सौम्य विषाच्या आहेत. मनुष्यांचे प्राण घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. उलट धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी, मांडूळ हे आपल्या शेतांत व परसांत नेहमीं दिसणारे साप बिनविषारी आहेत. ह्या सर्वांत आकारानें नजरेंत भरणारी आणि म्हणूनच सर्वांत अधिक मार खाणारी ती धामण. आपल्याकडील तेलुगु बोलणारे लोक तिला जेर्रिपोतु म्हणतात. कोणत्याहि भाषेंत तिला नांव आहे, ह्याचाच अर्थ असा कीं आपले पूर्वज तिला इतर सापांहून वेगळें ओळखीत होते.

धामण कशी ओळखावी? ती सामान्यतः पांच ते सात फूट लांब असते; क्वचित् त्याहून पुष्कळ मोठीहि आढळते. रंग पिवळसर, तपकिरी, मातकट किंवा काळसर. अंगाच्या मागल्या भागावर काळ्या, तुटक, जाळीसारख्या आडव्या रेषा असतात. डोळे मोठे, बाहुली वाटोळी. डोकें मानेहून स्पष्टपणें रुंद. आणि ओठांवरील खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा, जणूं कोणी शाईनें आंखल्या आहेत. ती दिवसा हिंडते, चपळ असते आणि माणसाची चाहूल लागतांच सहसा पळून जाते. कोंडीत सांपडली तर मात्र मान फुगविते, घुरघुरते आणि चावावयास धांवते. तिचा चावा बोचतो, रक्तहि येतें. पण तिच्या तोंडांत विष नाहीं.

तिचें अन्न म्हणजे उंदीर, घुशी, बेडूक, सरडे, पक्षी आणि प्रसंगीं दुसरे सापहि. अजगराप्रमाणें ती भक्ष्यास विळखा घालून मारीत नाहीं. जबड्यांत धरून, अंगाखालीं दाबून, पुष्कळदां जिवंतच गिळते. मांजर उंदरासाठीं बिळाच्या तोंडाशीं टपून बसतें. धामण बिळांतच शिरते. त्यामुळें जीं पिलें मांजराच्या वाट्यास कधींच आलीं नसतीं, तीं तिच्या पोटांत जातात. ह्याचें मोल कळण्यासाठीं थोडा हिशेब करा. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारें तीन आठवड्यांत विते. एका वेतांत सहा-आठ पिलें होतात. आणि तीं पिलें दोन-तीन महिन्यांतच स्वतः विण्याच्या वयाचीं होतात. एका जोडप्याचे वर्षअखेर किती उंदीर होतील, तें वर्गांत फळ्यावर मांडून पाहा. प्रत्यक्षांत तितके होत नाहींत, कारण घुबड, मुंगूस, मांजर आणि साप त्यांना खाऊन संख्या आंवरून धरतात. आपला मुलूख धानाचा. शेताच्या बांधांत बिळें करून घुशी धानाच्या लोंब्या पोत्यांच्या हिशेबानें आंत सांठवितात, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको.

उंदीर केवळ धान्यच नासतो असें नाहीं. इ. स. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, सांथ सुरू झाली आणि पुढें सबंध देशभर पसरून तिनें लक्षावधि माणसें नेलीं. डॉक्टर वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं मुंबईंतच त्या रोगावरील लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्यें प्रथम स्वतःस टोंचून घेतली. उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत हा रोग माणसांत येतो, ही गोष्ट इ. स. १८९८ सालीं सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत दाखवून दिली. हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळ येथें गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट असें नांव मिळालें. पुढें ह्याच संस्थेंत सर्पविषावरील औषधहि तयार होऊं लागलें. उंदरांनीं आणलेल्या रोगासाठीं निघालेल्या संस्थेनें सापाच्या दंशावरहि औषध करावें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. उंदीर आणि साप हे एकमेकांच्या मागोमाग आपल्या दाराशीं येतात. ह्यांपैकीं एकाची काळजी वाहावयाची आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावयाचें, असें चालत नाहीं.

एके काळीं आपल्या देशांतून धामणीचीं कातडीं फार मोठ्या प्रमाणावर परदेशीं जात. त्यांचे बटवे, पादत्राणें व पट्टे होत. तामिळनाडूंतील इरुळ जमातीचे लोक सापांचा माग काढण्यांत अत्यंत निष्णात. कातडीं विकून ते पोट भरीत. इ. स. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७६ सालीं सापांच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. तेव्हां ह्या लोकांच्या निर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. १९७८ सालीं मद्रासजवळ त्यांची एक सहकारी संस्था स्थापन झाली. ते आतां विषारी साप जिवंत धरितात, विष काढून घेतात आणि साप पुन्हां रानांत सोडितात. त्या विषापासून दंशावरील औषध होतें. जो हात कातडें सोलीत होता तोच हात आज प्राण वांचविण्याच्या कामीं येत आहे.

धामणीविषयीं आपल्याकडे अनेक समजुती आहेत. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही त्यांतली मुख्य. हें होणें शक्य नाहीं. दूध ओढून घेण्यास मऊ ओठ व गाल लागतात. सापाला ते नसतात, त्याचे दांत तर आंत वळलेले व सुईसारखे तीक्ष्ण. असे दांत आंचळास लागले तर गाय स्वस्थ उभी राहील काय? गोठ्यांत धामण येते ती तेथील उंदरांसाठीं. सकाळीं गाय दूध कमी देते त्याचीं कारणें निराळीं असतात. दुसरी समजूत, धामणीच्या शेपटींत कांटा असतो व त्याचा फटका बसलेला अवयव सडतो. शेपटींत कांटा नाहीं व विषहि नाहीं. तिसरी, धामण ही नागाची मादी होय. नागाची मादी नागीणच. धामणीची जात सर्वस्वीं निराळी, आणि तिच्यांत नरहि असतात व माद्याहि. दोन लांब साप एकमेकांस पीळ घालून अंग उभारीत असलेले पाहून लोक त्यास नाग-धामणीचा शृंगार म्हणतात. वस्तुतः ते बहुधा दोन नर असतात व त्यांची कुस्ती चाललेली असते. जो दुसऱ्याचें डोकें खालीं दाबील तो जिंकला. नागपंचमीच्या दिवशीं आपल्याकडे जमीन नांगरीत नाहींत, कांहीं चिरीत नाहींत. एक दिवस एवढी दया, आणि उरलेले दिवस दिसेल त्या सापावर काठी, ह्या विसंगतीचाहि कधीं तरी विचार व्हावा.

असो. येथपर्यंत वाचून एखादा धाडसी विद्यार्थी धामण हातांत धरावयास निघेल, तर तो मोठाच अनर्थ होईल. कारण नाग नेहमींच फणा काढून बसलेला नसतो. तो स्वस्थ सरपटत असतांना, विशेषतः अंधुक उजेडांत, धामणीसारखाच दिसूं शकतो. "फणा दिसला नाहीं, म्हणून धामण" हा तर्क जिवावर बेततो. तसाच घोटाळा मण्यार आणि कवड्या ह्यांच्यांत होतो. मण्यार काळानिळा, त्यावर पांढरे बारीक पट्टे. ते डोक्यापासून कांहीं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपाशींच ठळक असतात व शेपटीकडे फिके होतात. घोणस जाड अंगाची, पाठीवर सांखळीच्या कड्यांसारख्या डागांच्या तीन ओळी असलेली. छेडली असतां लोहाराच्या भात्यासारखा फुत्कार टाकते. ह्या खुणा पुस्तकांत पाहाव्या, चित्रें काढावीं, पाठ कराव्या. परंतु त्यांच्या भरंवशावर सापाला हात लावूं नये. ओळख पटली तरी अंतर राखावें, आणि ओळख न पटल्यास तो साप विषारीच आहे असें समजून वागावें.

हा केवळ सावधपणाचा उपदेश नव्हे. इ. स. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मेलीं. म्हणजे दरसाल सरासरी अठ्ठावन हजार. बहुतेक मृत्यु खेड्यांतले, आणि त्यांत चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांच्या आंतील मुलें होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना दुर्लक्षित रोगांत केली. आपल्याकडे मोहफुलें वेंचावयास लोक पहांटे निघतात, तेंदूच्या पानांसाठीं झुडपांत हात घालितात, पावसाळ्यांत चिखलांत अनवाणी रोवणी करितात. म्हणून काकांच्या हातांतली काठी मी मूर्खपणाची समजत नाहीं. तिच्या मागें भीति आहे, आणि त्या भीतीस कारणहि आहे. प्रश्न एवढाच कीं काठीनें ती भीति कमी होते काय?

माझ्या मतें होत नाहीं. परसांत धामण दिसली ह्याचा अर्थ परसांत उंदीर आहेत. जे उंदीर धामणीस बोलावितात तेच नागाला आणि घोणशीलाहि बोलावितात. धामण मारिली तर उंदीर राहिले, आणि आमंत्रणहि राहिलें. उद्यां कोण येईल तें सांगवत नाहीं. सापाचा वध हा सुरक्षिततेचा उपाय नसून परसाची व्यवस्था हाच खरा उपाय आहे.

ती व्यवस्था आम्हीं ह्या वर्षीं केली, ती अशी. तणसाची गंजी व सरपण भिंतीपासून दूर नेलें आणि सरपण जमिनीपासून हातभर उंच लाकडांच्या मांचीवर रचिलें. ओट्याच्या व भिंतीच्या भेगा लिंपून घेतल्या. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसविली. कवेलूंवर टेंकलेल्या फांद्या छाटिल्या. उष्टें-खरकटें अंगणांत टाकण्याचें बंद केलें. धान्य पत्र्याच्या कोठींत घातलें. कोंबड्यांचें खुराडें जाळीनें मढविलें, कारण धामण अंडीं व लहान पिलें सोडीत नाहीं, हें तिच्या कैवाऱ्यानेंहि कबूल केलें पाहिजे. उंदरांस विष घालण्याऐवजीं सांपळे लाविले. विष खाल्लेला उंदीर घुबडानें किंवा धामणीनें गिळला तर आपले राखणदारच दगावण्याचा संभव असतो. वेलींवरची नायलॉनची जाळी काढून टाकिली. तींत साप अडकून पडतो, आणि अडकलेला साप सोडवावयास जाणें धोक्याचें. रात्रीं परसांत जातांना दिवटी किंवा बॅटरी व पायांत वहाण, हा घराचा नियम झाला. सरपण काढतांना आधीं काठीनें ठोकावें, मग हात घालावा, हा दुसरा. आणि तिसरा नियम मच्छरदाणीचा. मण्यार रात्रीं घरांत शिरून जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करितो, व तो दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. बाजेवर निजून मच्छरदाणी अंथरुणाखालीं नीट खोंचली, तर हिंवतापाचा डांस आणि मण्यार, आपल्या जिल्ह्याचे हे दोन्ही वैरी, एकाच वस्त्रानें दूर राहतात.

घराच्या आंतच साप शिरला तर मुलांस व गुरांस बाहेर काढावें, दुरून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या माणसांस किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. साप मारणें हा कायद्यानेंहि गुन्हा आहे. परसांतील साप बहुधा वाट मोकळी ठेवली म्हणजे आपण होऊनच निघून जातो.

आणि इतकें करूनहि दंश झालाच तर? चावणारी धामणच होती अशी पूर्ण खातरी असल्यास जखम साबणपाण्यानें धुवून धनुर्वाताची सुई घ्यावी. खातरी नसल्यास, आणि ती फारच थोड्या वेळां असते, एक क्षणहि न दवडितां रुग्णालय गांठावें. रोग्यास धीर द्यावा, चालवूं नये. हाताचा किंवा पायाचा दंश असल्यास मोडलेल्या हाडाप्रमाणें तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या व बांगड्या काढाव्या. दोरीनें करकचून आंवळूं नये, कापूं नये, तोंडानें चोखूं नये. मिरची किंवा लिंबाचा पाला चघळवून परीक्षा पाहण्यांत आणि झाडपाला शोधण्यांत जी घटका जाते, तीच पुष्कळदां प्राणाची घटका असते. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. अहेरीस उपजिल्हा रुग्णालय आहे. भामरागडकडील लोकांस हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचें रुग्णालय आहे. तो प्रकल्प बाबा आमटे ह्यांनीं १९७३ सालीं सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनीं तेथें झाडाखालीं रोगी तपासण्यापासून आरंभ करून आयुष्य वेंचलें. पावसाळ्यांत नद्यांना पूर येऊन रस्ते बंद पडतात. म्हणून आपल्या गांवाहून जवळचें औषध कोठें आहे व पूर असतां तेथें कसें जावयाचें, ह्याचा विचार मृगाआधींच प्रत्येक कुटुंबानें करून ठेवावा.

त्या सकाळचें काय झालें तें सांगून लेख पुरा करितों. आम्ही सारे ओट्यावर बसलों होतों. थोड्या वेळानें धामणीनें मान उचलिली, जीभ दोन-तीनदां आंतबाहेर केली आणि गंजीच्या पायथ्याशीं असलेल्या एका बिळांत ती शिरली. आंतून चिंचीं असा आवाज झाला व लागलीच थांबला. काठ्या भिंतीला टेंकून ठेवून शेजारी आपापल्या घरीं गेले. काका कांहीं बोलले नाहींत.

भाद्रपदांत मुलीला मांडवाखालीं एक कात सांपडली. सबंध, पारदर्शक, साडेसहा फूट लांब. ती तिनें कागदांत गुंडाळून शाळेंत नेली. परवां काका कुंपणापाशीं उभे राहून विचारीत होते, "मास्तर, ती अजून आहे काय हो? आमच्या कोठ्यांत उंदीर फार झालेत." मीं त्यांस सांगितलें कीं ती आणून देतां येत नाहीं, परंतु तुमच्या वाडीकडे आली, तर तेवढी काठी उचलूं नका.